जुनी सायकल, रोजची मुंबई: शोधण्यापासून पावसाळ्यापर्यंत

रॉडब्रेक (तारेऐवजी लोखंडी दांड्यांवर चालणारा ब्रेक), काळा रंग, चामड्याची सीट, मागे जाडजूड कॅरिअर. अशी सायकल घेऊन तिच्यावरून भाजी आणायची, स्टेशन गाठायचं, रविवारी सकाळी फोर्टात चक्कर मारायची, असं ज्यांच्या मनात आहे त्यांच्यासाठी हे लिहितोय. भिंतीवर टांगायला किंवा कॅफेच्या दारात उभी करायला हवी असेल तर इथला निम्मा सल्ला तुमच्या कामाचा नाही. एक चांगला रंगारी गाठा, झालं.

पुढचं सगळं ज्यावर उभं आहे ती गोष्ट आधी सांगतो. या सायकली मुंबईत अजून पोटापाण्यासाठी चालतात. डबेवाले, पाववाले, सकाळी इडली-चटणी विकणारे, रात्री थर्मास लावून चहा विकणारे, यांच्यातल्या बहुतेकांकडे तोच जुना साचा आहे. म्हणून टायर, ट्यूब, कॉटर (क्रँक, म्हणजे पायडलचा दांडा, एक्सलवर पक्का धरून ठेवणारी पाचरीसारखी खिळी), ब्रेकचे रबर, स्पोक अजून मिळतात आणि ते बसवणारा माणूसही सापडतो. जुन्या मोटारी बाळगणाऱ्यांना हे सुख नाही. तुम्ही त्या साच्याच्या जितके जवळ राहाल तितकी सायकल रस्त्यावर राहील आणि जितके लांब जाल तितकी ती मेकॅनिककडे पडून राहील.

१. कोणती घ्यायची

विलायती की देशी, हा पहिला प्रश्न. रॅले, रज, हंबर, बीएसए, फिलिप्स, हर्क्युलस ही नावं आजोबांच्या तोंडी असायची. त्यातल्या काही पुढे इथेच बनू लागल्या. आसनसोलला सेन-रॅले, मद्रासजवळ अंबत्तूरला १९४९ साली स्थापन झालेल्या टीआय सायकल्सच्या बीएसए, हर्क्युलस आणि फिलिप्स. सोनीपतची अ‍ॅटलस १९५१ची, लुधियानाची हीरो १९५६ची. आणि आपल्या मुंबईची म्हणाल तर हिंद. तिचा कारखाना वरळीला होता. हिंद आणि सेन-रॅले या दोन्ही कंपन्यांचं १९८० साली एकाच कायद्याने राष्ट्रीयीकरण झालं, आणि पुढे दोन्ही बंद पडल्या. वरळीत बनलेली हिंद वरळी सी-फेसवर चालवण्यात एक वेगळी मजा आहे, पण त्यासाठी अडून बसू नका.

माझं मत: पहिली सायकल देशीच घ्या. विलायती रॅलेचे आटे निराळे असतात. दोन्ही पायडलांमधल्या एक्सलच्या कपाला इंचाला २६ आटे, बाकीच्यांना साधारणपणे २४. कप गेला की इथला बाजारातला बसत नाही, आणि जबरदस्तीने बसवणारा मेकॅनिक फ्रेमचे आटे खाऊन टाकतो. हा वैताग दुसऱ्या सायकलसाठी राखून ठेवा.

विलायती आहे असं कोणी सांगत असेल तर पुढच्या बिल्ल्यावर जाऊ नका, बिल्ला कुठूनही आणून लावता येतो. चेनव्हील, म्हणजे पायडलजवळची मोठी दातेरी चकती, बघा. रॅलेच्या चेनव्हीलमध्ये बगळ्याची मान कापलेली असते, रजच्या चेनव्हीलमध्ये हाताचा पंजा, बीएसएवर ती तीन अक्षरं. मागच्या चाकाच्या मध्यावर तीन गिअरचा स्टर्मी-आर्चर हब असेल तर त्याच्या अंगावर बनल्याचं साल ठोकलेलं असतं. मात्र ते साल हबचं, सायकलचं नव्हे. पन्नास वर्षांत चाकं बदललेली असू शकतात.

२. उंची, आणि ‘लेडीज सायकल’

आपल्याकडच्या मोठ्या सायकली बहुधा २२ किंवा २४ इंची फ्रेमच्या असतात. वरची नळी दोन पायांमध्ये घेऊन उभं राहिल्यावर दोन्ही टाचा जमिनीला टेकल्या पाहिजेत. लहानपणी नळीखालून पाय घालून हाफ पायडल मारलं असेल, पण मुंबईत दर दोन मिनिटांनी सिग्नल येतो आणि मागे बेस्टची बस उभी असते. तिथे टाच अधांतरी राहणं परवडत नाही.

नळी खाली वळवलेल्या लेडीज सायकलला पुरुष मंडळी नाक मुरडतात. गुडघे कुरकुरत असतील, मागे कॅरिअरवर नेहमी सामान असेल, किंवा साडी-सलवार नेसून चालवायची असेल तर तीच घ्या. मागे पोतं बांधलेल्या सायकलवर पाय मागून टाकून चढणं जमत नाही, हे एकदा करून बघितलं की नाक सरळ होतं.

३. शोधायची कुठे

चोरबाजाराचं नाव पहिल्यांदा निघतं. मटण स्ट्रीटवर चकचकीत केलेल्या सायकली दिसतात, किंमतही तशीच चकचकीत. शुक्रवारी पहाटे त्या भागात जो जुना बाजार भरतो तिथे कधी कधी बऱ्या वस्तू येतात, पण सुट्टे भागच जास्त: घंटी, डायनॅमो, चामड्याची सीट. भागांसाठी जा, सायकलसाठी नको. काळबादेवी रस्त्यावर धोबीतलावच्या बाजूला सायकलवाल्यांची दुकानं आहेत. जुन्या सायकलचे नवे भाग तिथे विचारावेत.

सायकल मिळते ती घरांमधून. वसई, उत्तन, अलिबागकडची जुनी घरं, दादर-माटुंग्याच्या पारशी-हिंदू कॉलन्या, गिरगावातल्या चाळींचे जिन्याखालचे कोपरे. आणि सगळ्यात आधी आपलं गाव. कोकणातल्या पडवीत, देशावरच्या गोठ्यात आजोबांची सायकल गोणपाटाखाली असते आणि काकांना ती भंगारात घालायची घाई असते. तिथून रेल्वेच्या पार्सल ऑफिसातून बुक करून आणता येते. पायडल काढून पिशवीत, हँडल आडवं वळवून बांधायचं, नळीला दोन ठिकाणी नाव, फोन आणि उतरण्याचं स्टेशन लिहिलेलं लेबल. एकच लेबल लावलं तर ते वाटेतच फाटतं, असं समजून चाला.

४. बघायला जाल तेव्हा

रंग, घंटी, सीट, सुकलेले टायर, यांच्याकडे बघूच नका, ते सगळं मिळतं. पुढचं बघा.

फ्रेम: हँडलखालच्या उभ्या नळीच्या मागे, जिथे दोन्ही नळ्या येऊन मिळतात, तिथे खालच्या बाजूने अंगठा फिरवा. रंगाला सुरकुती किंवा फुगवटा लागला तर सायकल कुठेतरी समोरून आदळलेली आहे. घेऊ नका.

चिमटा (पुढचं चाक धरणारा): बाजूने उभं राहून बघा. वरचा सरळ भाग उभ्या नळीच्या रेषेत पाहिजे आणि वाक फक्त खालच्या टोकाला.

रिम: स्पोकच्या भोकांपाशी नखाने खरवडा. वरवरचा गंज चालेल, पापुद्रे सुटत असतील तर रिम गेली.

क्रँक: दोन्ही क्रँक धरून बाजूला हलवा. दोन्ही एकत्र हलले तर एक्सलचे छर्रे-कप सैल आहेत, हे स्वस्तातलं काम. एकच क्रँक हलला तर कॉटर ढिला आहे, तेही स्वस्त. पण ढिल्या कॉटरवर वर्षभर चालवलेल्या सायकलच्या क्रँकचं भोक लंबगोल होतं, ते तेवढं बघून घ्या.

सीटची दांडी आणि हँडलची दांडी: या दोन्ही हलतात का? ही चाचणी कोणी करत नाही आणि इथेच फसगत होते. समुद्राच्या हवेत वर्षानुवर्षं उभ्या असलेल्या सायकलची दांडी नळीत गंजून एकजीव होते. उंची जुळत नसेल आणि दांडी हलत नसेल तर ती सायकल तुमची नव्हे. विकणारा म्हणेल, ‘तेल टाका, दोन दिवसांत सुटेल.’ मग म्हणावं, तुम्हीच टाका, दोन दिवसांनी येतो.

स्टर्मी-आर्चर असेल तर तिन्ही गिअर टाकून बघा. दुसऱ्या-तिसऱ्या गिअरला चालवताना हबमधून टिकटिक ऐकू येते. तो बिघाड नाही.

५. कागदपत्रं

सायकलला आरटीओ नोंदणी नाही, विमा सक्तीचा नाही. पूर्वी नगरपालिकांचा कर भरून बिल्ला लावावा लागायचा. एखाद्या सायकलवर तो पितळी बिल्ला अजून असतो, काढू नका. पण कागदच नसल्यामुळे चोरीची सायकल गळ्यात पडू शकते, आणि चोरीचा माल जाणूनबुजून बाळगणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ खाली गुन्हा आहे. म्हणून एवढं करा:

– साध्या कागदावर विक्रीची पावती: तारीख, रक्कम, दोघांची नावं-सह्या, सायकलचं वर्णन
– फ्रेम नंबर पावतीवर. तो सीटच्या नळीच्या वरच्या टोकाला किंवा मधल्या एक्सलच्या खाली ठोकलेला असतो. रंगाखाली दडला असेल तर रॉकेल किंवा डिझेलच्या बोळ्याने पुसा
– विकणाऱ्याच्या ओळखपत्राची प्रत
– नंबरचा आणि पूर्ण सायकलचा फोटो, दोन्ही बाजूंनी
– सोसायटीत ठेवणार असाल तर सेक्रेटरीला दिलेल्या अर्जाची पोच

शेवटचं हास्यास्पद वाटेल. दिवाळीच्या साफसफाईत ‘बेवारस’ सायकली भंगारवाल्याला देण्याचा ठराव बऱ्याच सोसायट्यांत होतो, आणि जुनी सायकल सगळ्यांना बेवारसच दिसते.

६. मेकॅनिक

हा टप्पा सगळ्यात महत्त्वाचा. काचेच्या दुकानात, जिथे कार्बनच्या सायकली टांगलेल्या असतात, तिथे जाऊ नका. ती मंडळी हुशार आहेत, पण कॉटरचा क्रँक त्यांच्या हाताखालून फारसा गेलेला नसतो. दुपारी डबेवाल्यांच्या सायकली ज्या स्टेशनबाहेर लागतात तिथे जा, आणि त्यांनाच विचारा, ‘दादा, तुमच्या सायकलचं काम कोण करतं?’ रोज डब्यांचं ओझं घेऊन वेळेवर पोचणारी सायकल ज्याच्या हातची आहे तो तुमचा माणूस. फुटपाथवर एक पेटी, पाण्याचं घमेलं आणि टायरची माळ, एवढंच त्याचं दुकान असतं.

पारख कशी करायची? कॉटर बदलायला सांगा आणि उभे राहून बघा. नवखा माणूस क्रँक हवेत ठेवून हातोडा घालतो. तो दणका थेट छर्ऱ्यांवर जातो आणि कपात खळगे पडतात. जाणता माणूस आधी क्रँकखाली लोखंडी नळीचा तुकडा उभा करतो, त्याचं खालचं टोक जमिनीला टेकवतो, मग एक-दोन ठोके, नट आवळणं, पुन्हा एक ठोका, पुन्हा आवळणं. नवा कॉटर बसत नसेल तर कानशीने त्याची सपाट बाजू घासतो, आत घालून बघतो, काढतो, परत घासतो. दोन्ही कॉटर उलटसुलट दिशेने घातलेले पाहिजेत आणि दोन्ही पायडल एका रेषेत आले पाहिजेत. असा माणूस मिळाला तर भाव करत बसू नका. चहा सांगा.

नवा कॉटर बसल्यावर काही किलोमीटर चालवून परत आवळून घ्यावा लागतो. हे विसरलात तर तो ढिला पडतो, मग पायडलला दर फेरीत एक ‘टक्’ लागतो.

७. ओव्हरऑइलिंगला काय सांगायचं

ओव्हरऑइलिंग म्हणजे सायकल पूर्ण खोलून, साफ करून परत जोडणं. नुसतं ‘सगळं करून द्या’ म्हणालात तर रंगही मारून देतील. आधीच सांगा: रंग नको, स्टिकर नको, जुना भाग फेकायचा नाही, मला परत द्यायचा. मूळ रंगावरच्या हाताने ओढलेल्या सोनेरी रेघा एकदा गेल्या की गेल्या. गंजलेलं क्रोम पाण्यात भिजवलेल्या अ‍ॅल्युमिनियम फॉइलच्या बोळ्याने घासलं की बरंच उजळतं.

मग काम: पुढचं-मागचं हब, मधला एक्सल, हँडलचे कप, चारही ठिकाणचे छर्रे नवे आणि ताजं ग्रीस. चाकांचा आउट काढणं, म्हणजे डुगडुगणारी चाकं सरळ करणं. चेन नवी. ब्रेकचे रबर नवे. वॉलट्यूबही बदला, हवा भरायच्या तोंडातली ती रबरी नळी सुकली की रात्रीत हवा जाते आणि आपण उगाच पंक्चर शोधत बसतो.

टायर घेताना सगळ्यात मोठी गफलत होते. ‘२८ इंची’ एवढंच सांगून चालत नाही. आपल्या मोठ्या सायकलचा टायर २८ x १½, म्हणजे ६३५ मिलिमीटर रिमचा. ऑनलाइन २८ टाकलंत तर ६२२ मिलिमीटरचा, हल्लीच्या शहरी सायकलींचा टायर घरी येतो आणि रिमवर चढतच नाही. विलायती हलक्या सायकलींना २६ x १⅜ असतो, ५९० मिलिमीटर. तोही माउंटन बाइकच्या २६ पेक्षा वेगळा. जुन्या टायरच्या बाजूवरचे आकडे फोटो काढून घेऊन जा.

आणि एक बदल जरूर करून घ्या. मागचं फ्रीव्हील (मागच्या चाकावरची दातेरी चकती) बहुधा १८ दातांचं असतं. ते काढून २० किंवा २२ दातांचं लावा. सायकल वीस किलोच्या आसपास भरते, तिला सिग्नलवरून उचलताना आणि दादरच्या टिळक ब्रिजसारख्या चढावर हा फरक मांड्यांना कळतो. वेग थोडा कमी होतो. मुंबईत वेग कोणाला मिळतो?

स्टर्मी-आर्चरवाल्यांसाठी: हबवरच्या झाकणीतून अधूनमधून शिलाई मशिनच्या तेलाचे काही थेंब. गंज सोडवणारा स्प्रे तिथे मारू नका, तो असलेलं तेलही धुऊन टाकतो. गिअर दुसऱ्यावर ठेवून उजव्या नटाच्या खिडकीतून बघा, आतल्या साखळीच्या दांडीचं टोक एक्सलच्या टोकाशी समपातळीत हवं. केबल नीट लावलेली नसेल तर दुसऱ्या आणि तिसऱ्याच्या मध्ये गिअर रिकामा फिरतो, आणि नेमकं तेव्हा पायडलवर उभे असाल तर नळीवर आदळाल. पुरुष वाचकांना जास्त सांगायला नको. या गिअरचा मोठा फायदा म्हणजे तो उभ्या सायकलवरही बदलता येतो. सिग्नलला थांबलात की पहिला टाकून ठेवायचा.

घरी ठेवायची हत्यारं थोडीच: सायकलचा बहुमुखी पाना, एक स्क्रू पाना, पेचकस, हातपंप, तेलाची कुपी, दोन वॉलट्यूब, जुनं फडकं.

८. रस्त्यावर

पहिल्या आठवड्यात ब्रेक शिका. रॉडब्रेकमध्ये दांड्या नालेच्या आकाराची पट्टी वर ओढतात आणि तिच्यावरचं रबर रिमच्या आतल्या बाजूला दाबलं जातं. मोटरसायकलसारखा चावा त्याला नाही. जिथे थांबायचं त्याच्या बरंच आधी हलकं धरायला सुरुवात करा, मागचा आधी, मग पुढचा. उतारावर शेवटच्या क्षणी ब्रेक दाबण्याची सवय असेल तर ही सायकल घेऊ नका.

मुंबईत ट्राम ३१ मार्च १९६४ला बंद झाली. तोवर सायकलवाल्यांना रुळात चाक अडकण्याची धास्ती असायची. आता रूळ नाहीत, पण काँक्रीटच्या रस्त्यांचे लांबलचक सांधे आहेत, उखडलेले पेव्हर ब्लॉक आहेत, आणि जाळीची झाकणं आहेत ज्यांच्या पट्ट्या रस्त्याच्या दिशेनेच बसवलेल्या असतात. सांधा ओलांडायचा तर तिरकस जाऊ नका, शक्य तेवढं आडवं जा. खड्डा चुकवता येत नसेल तर पायडल समपातळीत आणून सीटवरून किंचित उठा. सीटच्या स्प्रिंगा मदत करतात, कंबर मात्र तुमची आहे.

बांद्रा-वरळी सागरी सेतू, कोस्टल रोड, ईस्टर्न फ्रीवे, अटल सेतू यांवर सायकल नेता येत नाही. जेजे उड्डाणपुलावर दुचाक्यांना बंदी आहे, तिथे खालूनच जायचं. नकाशाचं अ‍ॅप मोटारीचा रस्ता दाखवत असेल तर तुम्हाला थेट तिथे नेऊन उभं करेल.

डायनॅमो हौसेने लावा, पण भरवसा बॅटरीच्या दिव्यावर ठेवा. सायकल थांबली की डायनॅमोचा दिवा विझतो, आणि रात्री सिग्नलवर उभं असतानाच आपण दिसणं गरजेचं असतं. मागच्या मडगार्डवर लाल रिफ्लेक्टर. डोक्यावर हेल्मेट. सायकल जुनी असली तरी डांबर तेवढंच कडक आहे.

९. पावसाळा

जून ते सप्टेंबर ही या सायकलची परीक्षा. ओल्या लोखंडी रिमवर रबर घसरतं, ब्रेक दाबल्यावर चाकाच्या पहिल्या एक-दोन फेऱ्या नुसतं पाणी पुसण्यात जातात. पावसात वेग निम्मा करा. पाणी साचलेल्या रस्त्यात उतरू नका. खालचं झाकण दिसत नाही, शिवाय हबमध्ये गढूळ पाणी शिरलं की ग्रीस गेलं.

मेअखेरीला करायचं: सीटची दांडी बाहेर काढून तिला ग्रीस लावून परत बसवा, नळीत जवसाच्या तेलाचे थोडे थेंब सोडा, रिमला आणि क्रोमला पातळ हात व्हॅसलीनचा द्या. रिमच्या ज्या पट्टीवर रबर टेकतं तिथे मात्र चुकूनही नाही. चेनला आठवड्याला तेल.

चामड्याची सीट भिजली तर तिच्यावर बसू नका. ओलं चामडं वजनाने कायमचं ताणलं जातं. सावलीत वाळवा, उन्हात किंवा हीटरजवळ नको. बाहेर पडताना सीटखाली एक प्लास्टिकची पिशवी खोचून ठेवा, नाक्यावरच्या प्रत्येक डबेवाल्याच्या सायकलवर ती दिसेल.

१०. ठेवायची कशी

सायकल चोरणाऱ्यापेक्षा सीट, घंटी आणि डायनॅमो काढणारे जास्त. मागच्या चाकाचं रिंग लॉक पुरत नाही, वीस किलोची असली तरी उचलून टेम्पोत टाकता येते. साखळीने फ्रेम आणि मागचं चाक एकत्र, एखाद्या खांबाला. सीटच्या स्प्रिंगेतून जुन्या चेनचा तुकडा ओवून फ्रेमला जोडून टाका. चाळीत राहत असाल तर गॅलरीत चढवण्याआधी शेजाऱ्यांना विचारा. जिन्यावर ही सायकल खांद्यावर घ्यायची नसते. एक हात सीटखालच्या नळीला, दुसरा हँडलला, आणि चाक पायरी-पायरीने वर चढवत न्यायचं.

११. सुरुवातीचे रस्ते

माटुंग्याचे फाइव्ह गार्डन्स आणि पारशी कॉलनी: सपाट, सावली, गाड्या कमी. रविवारी बॅलार्ड इस्टेट आणि फोर्ट, कचेऱ्या बंद असतात तेव्हा. शिवाजी पार्कचा फेरा. मरीन ड्राइव्ह पहाटेच, आणि समुद्राकडचा फुटपाथ चालणाऱ्यांना सोडा. मलबार हिल, पाली हिल नंतर बघू. तिथे उतरून सायकल ढकलण्यात काही कमीपणा नाही, पूर्वीही लोक ढकलतच असत.

हात बसला की वर्सोव्याहून बोटीने मढला जा, तिथून मार्व्यापर्यंत सायकलवर, आणि मार्व्याच्या बोटीने मनोरीला. दोन्ही बोटींत सायकल घेतात. पुढे गोराई-उत्तनचा रस्ता या सायकलच्या चालीला साजेसा आहे, वाटेत टपऱ्याही आहेत. ओहोटी असेल तर धक्क्यावरून बोटीत सायकल उतरवावी लागते. तेव्हा पुढचं चाक आधी आत घ्या आणि मागून कॅरिअर कोणाला तरी धरायला सांगा. बोटवाल्यांना याची सवय असते, फक्त ब्रेकच्या दांड्या धरून उचलू नका म्हणावं, त्या वाकतात.